मिररलेस कॅमेरा : चलच्चित्रणासाठी बॉडी व लेन्स यांची निवड

मिररलेस कॅमेरा : लेन्स बदलता येणारा, पण लेन्समधली प्रतिमा डोळ्यापर्यंत नेण्यासाठी आरसा नसलेला डिजिटल कॅमेरा. यात प्रकाश थेट सेन्सरवर, म्हणजे प्रतिमा टिपणाऱ्या चिपवर, पडतो आणि सेन्सरने टिपलेलेच दृश्य मागच्या पडद्यावर किंवा इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरमध्ये (डोळा लावून पाहायच्या खिडकीत) दिसते. डीएसएलआरमध्ये, म्हणजे आरसा असलेल्या डिजिटल कॅमेऱ्यात, व्हिडीओ सुरू करताच आरसा वर जातो आणि प्रकाशीय व्ह्यूफाइंडर काळा पडतो. म्हणजे चित्रण चालू असेपर्यंत डीएसएलआरलाही आरशाचा काही उपयोग नसतो. चलच्चित्रण करणारे मिररलेसकडे लवकर वळले त्यामागचे हे एक साधे कारण. ‘आरसाविरहित’ असा प्रतिशब्द करता येतो, परंतु फोर्टमधल्या बोरा बाजारापासून गोरेगावच्या चित्रनगरीपर्यंत ‘मिररलेस’ आणि ‘बॉडी’ (लेन्स सोडून उरलेला कॅमेरा) हेच शब्द चालतात. या नोंदीत तेच ठेवले आहेत.

पूर्वपीठिका : चलच्चित्रणाच्या इतिहासात आरसा मधल्या काळातला पाहुणा आहे, सुरुवातीपासूनचा नाही. ल्यूमिएर बंधूंच्या चित्रफिती मुंबईत ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात दाखवल्या गेल्या. त्यानंतर हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी विलायतेहून कॅमेरा मागवून हँगिंग गार्डनमधली कुस्ती चित्रित केली. हे चित्रण बहुतेक संदर्भ १८९९ सालचे मानतात. काही ठिकाणी ते एकदोन वर्षे आधीचे सांगितले जाते, पण १८९९ हेच वर्ष अधिक ग्राह्य वाटते. दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला. त्या काळच्या हाताने फिरवायच्या कॅमेऱ्यांत आरसा नव्हता. फिल्मच्या जागी घासलेली काच लावून, किंवा फिल्मच्याच आरपार पाहून, फोकस साधावा लागे. फिरत्या आरशाच्या शटरमधून चित्रण चालू असतानाच लेन्समधले दृश्य दाखवणारा ‘आरीफ्लेक्स ३५’ १९३७ मध्ये आला आणि पुढे आरसा हे व्यावसायिक कॅमेऱ्याचे लक्षणच ठरले. सेन्सर स्वतःच दृश्य दाखवू लागल्यावर ती गरज संपली.

पहिला मिररलेस कोणता, याविषयी मतभेद आहेत. एका मताप्रमाणे हा मान एप्सन आर-डी१ (२००४) या कॅमेऱ्याचा. त्यात लेन्स बदलता येते आणि आरसा नाही. मात्र तो रेंजफाइंडर जातीचा आहे, दृश्य वेगळ्या खिडकीतून पाहायचे असते. ही कसोटी लावली तर फिल्मवरचे लायका एम मालिकेचे कॅमेरेही मिररलेस म्हणावे लागतील. दुसऱ्या मताप्रमाणे ऑलिंपस व पॅनासॉनिक यांनी ऑगस्ट २००८ मध्ये ‘मायक्रो फोर थर्ड्स’ ही पद्धती जाहीर केली आणि त्याच वर्षी आलेला पॅनासॉनिक जी१ हा पहिला खरा मिररलेस होय. सेन्सरवरची प्रतिमा पाहून चौकट बांधणे हेच या प्रकाराचे मर्म असल्याने दुसरे मत सयुक्तिक वाटते. छायाचित्रणाच्या इतिहासात सहसा न येणारी एक गोष्ट येथे नोंदवणे आवश्यक आहे. व्हिडीओच्या बाजूने पाहिले तर १९९७ मधल्या कॅनन एक्सएल१ या मिनी डीव्ही कॅमकॉर्डरमध्ये बदलती लेन्स आणि इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर दोन्ही होते आणि आरसा नव्हता. ‘मिररलेस’ हे नाव स्थिरचित्रणाच्या दृष्टीतून पडले आहे, व्हिडीओवाल्यांना ही रचना आधीपासून ठाऊक होती.

जी१ मध्ये व्हिडीओची सोयच नव्हती. ती २००९ च्या जीएच१ मध्ये आली. दरम्यान २००८ च्या उत्तरार्धात निकॉन डी९० (७२०पी, म्हणजे ७२० ओळींचा व्हिडीओ) आणि कॅनन ५डी मार्क २ (१०८०पी) या डीएसएलआरनी मोठ्या सेन्सरचा व्हिडीओ स्वस्त केला. सोनीच्या एनईएक्स मालिकेने २०१० मध्ये आणि फुलफ्रेम (३५ मिमी फिल्मच्या फोटोएवढ्या सेन्सरच्या) ए७ ने २०१३ मध्ये हे क्षेत्र रुंदावले. कार्डावरच फोरके (सुमारे चार हजार बिंदू रुंदीचा) व्हिडीओ नोंदवणारा जीएच४ आणि अंधुक उजेडात चालणारा ए७एस हे दोन्ही २०१४ चे. निकॉन झेड, कॅनन आर आणि एल-माऊंट (लेन्स जोडण्याची एक सामाईक पद्धती) वापरणाऱ्या कंपन्यांची युती या तिन्ही घोषणा २०१८ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमधल्या.

माऊंट : बॉडीवर लेन्स जिथे बसते तो जोड. निवडीचा खरा पाया हा आहे. बॉडी चारपाच वर्षांत जुनी होते, लेन्स वीस वर्षे टिकते. म्हणून आधी माऊंट ठरवावा आणि मग बॉडी घ्यावी. प्रत्यक्षात बहुतेक जण उलटे करतात आणि पहिल्या दोन लेन्स घेऊन झाल्यावर अडकतात.

माऊंटच्या कड्यापासून सेन्सरपर्यंतच्या अंतराला फ्लँज अंतर म्हणतात. आरशाला हलायला जागा हवी असल्याने डीएसएलआरमध्ये ते मोठे असे : कॅनन ईएफ ४४ मिमी, निकॉन एफ ४६.५ मिमी. आरसा गेल्यावर ते निकॉन झेडमध्ये १६, फुजी एक्समध्ये १७.७, सोनी ईमध्ये १८, मायक्रो फोर थर्ड्समध्ये १९.२५, तर कॅनन आरएफ व एल-माऊंटमध्ये २० मिमी झाले. चित्रपटाच्या पीएल माऊंटचे अंतर ५२ मिमी आहे. लांब अंतराची लेन्स छोट्या अंतराच्या बॉडीवर बसवायला मध्ये फक्त फरकाएवढी पोकळ कडी लागते. निकॉन एफ लेन्स सोनीवर लावायची तर २८.५ मिमीची, पीएल लावायची तर ३४ मिमीची. उलट दिशेने, काचेच्या मदतीशिवाय, हे जमत नाही. लेन्स अनंतावर फोकस होत नाही.

कडीच्या जाडीतली चूक व्हिडीओत जास्त जाचते. स्वस्त कड्या अनंत हमखास मिळावे म्हणून किंचित पातळ केलेल्या असतात. मग लेन्सवर दोन मीटरची खूण असली तरी फोकस दोन मीटरवर नसतो, आणि वाइड लेन्सवर हा फरक अधिकच वाढतो. पडद्यावर पाहून फोकस करणाऱ्याचे त्याने फारसे बिघडत नाही. टेपने अंतर मोजून खुणेवर चालणाऱ्या फोकस पुलरचे (फोकस सांभाळणाऱ्या सहायकाचे) मात्र सगळे गणित कोलमडते. कडीतच काच बसवून प्रतिमा आकुंचित करणारे ‘स्पीड बूस्टर’ मेटाबोन्सने २०१३ मध्ये आणले. ०.७१ पट आकुंचनामुळे फुलफ्रेम लेन्सचा व्याप लहान सेन्सरवर बराचसा परत मिळतो आणि एक स्टॉप उजेड वाढतो, म्हणजे दुप्पट होतो.

माऊंट खुला की बंद, हेही पाहावे. सोनीने ई-माऊंटची मूलभूत माहिती इतर उत्पादकांना २०११ मध्ये खुली केली. त्यामुळे त्यात सिग्मा, टॅमरॉन इत्यादींच्या लेन्स मुबलक आहेत. कॅनन आरएफसाठी सिग्मा व टॅमरॉनच्या ऑटोफोकस लेन्स, त्याही एपीएस-सी (फुलफ्रेमहून लहान) सेन्सरच्या आकाराच्या, २०२४ मध्ये परवान्याने जाहीर झाल्या.

सेन्सर व नोंद : फुलफ्रेम ३६×२४ मिमी, एपीएस-सी सुमारे २३.५×१५.६ मिमी, मायक्रो फोर थर्ड्स १७.३×१३ मिमी. चित्रपटाची सुपर ३५ चौकट एपीएस-सीच्या जवळ जाते, म्हणून ‘सिनेमासारखे’ दिसण्यासाठी फुलफ्रेमच हवा हा समज टिकत नाही. रंगांच्या दृष्टीने ८-बिट आणि १०-बिट हा फरक सेन्सरच्या आकाराहून महत्त्वाचा. ८-बिटमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ छटा, १०-बिटमध्ये १०२४. मरीन ड्राइव्हवर सूर्य मावळल्यानंतरचे आकाश लॉगमध्ये (नंतर रंग बदलायला वाव ठेवणाऱ्या फिक्या नोंदीत) ८-बिटवर घेऊन ग्रेडिंग, म्हणजे रंगसंस्कार, केले, तर केशरी ते निळा हा प्रवास पायऱ्यापायऱ्यांनी दिसू लागतो. १०० मेगाबिट प्रतिसेकंद या वेगाने तासाला ४५ जीबी भरतात. हळदीपासून पाठवणीपर्यंतच्या सहा तासांना एका कॅमेऱ्यामागे २७० जीबी, आणि दुसरी प्रत वेगळी.

सेन्सर ओळीओळीने वाचला जातो, त्यामुळे रोलिंग शटरचा दोष येतो. धावत्या लोकलच्या दारातून बाहेर चित्रण केले की रुळांकडेचे विजेचे खांब तिरपे झुकलेले दिसतात. वाचन जितके जलद, तितका हा झुकाव कमी. सगळ्या ओळी एकाच वेळी वाचणारा ग्लोबल शटर फुलफ्रेम मिररलेसमध्ये प्रथम सोनी ए९ ३ (२०२३) मध्ये आला.

शटर, वीज व उजेड : आपल्याकडे वीज ५० हर्ट्‌झची असल्याने जुन्या चोकच्या ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात. शटर (प्रत्येक फ्रेमला प्रकाश मिळण्याचा वेळ) १/५० किंवा १/१०० सेकंद असेल तर प्रत्येक फ्रेमला पूर्ण आवर्तने मिळतात. १/६० ठेवले तर ती अपुरी पडतात. गिरगावातल्या एखाद्या चाळीच्या गॅलरीत संध्याकाळी हे डोळ्यांनी पाहता येते : १/६० वर पिवळट भिंतीवरून करड्या पट्ट्या सावकाश सरकत राहतात, आणि डायल एक खूण फिरवून १/५० केले की भिंत जागच्या जागी शांत होते. अमेरिका किंवा जपानमधून आणलेल्या बॉडीत बहुधा एनटीएससी ही तिकडची टीव्ही-पद्धती ठरलेली असते, ती बदलून आपल्याकडची पॅल करावी, म्हणजे २५ फ्रेम मिळतात. २४ फ्रेमवर काम असेल तरीही शटर १/५० च ठेवावे. मंडपातल्या एलईडी पडद्यांना हा हिशेब लागू पडत नाही; तिथे शटर बारीक टप्प्यांनी बदलण्याची सोय असलेली बॉडी लागते.

शटर असे बांधले गेल्यावर उन्हात उजेड कमी करायला एनडी फिल्टरच (लेन्सपुढची काळसर काच) उरतो. भर उन्हात आयएसओ (संवेदनशीलता) १०० वर एफ/१६ ला १/१०० हा ढोबळ नियम धरला (एफचा आकडा लहान तितके लेन्सचे छिद्र, म्हणजे ॲपर्चर, मोठे), तर १/५० आणि एफ/२.८ साठी सहा स्टॉप, म्हणजे एनडी ६४ लागतो. लॉगसाठी आयएसओ ८०० पासून सुरुवात असेल तर नऊ स्टॉप. अनेक मिररलेसमध्ये एनडी अंगचा नसल्याने त्याचा खर्च लेन्सच्याच खर्चात धरावा. सर्वांत मोठ्या व्यासाचा एकच घेऊन बाकी लेन्सना स्टेप-अप रिंग (मोठा फिल्टर लहान लेन्सवर बसवणारी कडी) लावणे हा शहाणपणाचा मार्ग.

उष्णता व दमट हवा : मुंबईत निवड करताना या दोन गोष्टी डावलून चालत नाही. कॅनन आर५ (२०२०) साठी कंपनीने दिलेली ८के चित्रणाची सुमारे २० मिनिटांची मुदत २३ अंश सेल्सिअस तापमान धरून होती. मे महिन्यात दादरच्या मैदानावर २३ अंश कुठून आणायचे? लांब सलग चित्रण असेल तर पंखा असलेली बॉडी घ्यावी. पॅनासॉनिक एस१एच व एस५ २, सोनी एफएक्स३, कॅनन आर५सी ही अशी उदाहरणे. बऱ्याच जुन्या बॉडींमधली २९ मिनिटे ५९ सेकंदांची मर्यादा उष्णतेची नव्हे. युरोपात अर्धा तास सलग नोंदवणारे यंत्र व्हिडीओ कॅमेरा धरून त्यावर शुल्क लागे, त्यातून ती आली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते.

पावसाळ्यात लेन्सला फंगस लागते. बुरशीचे धागे आतल्या काचेवर पसरतात आणि त्यांचा स्राव कोटिंग खातो; नंतर काच पुसली तरी डाग राहतो. विजेवरच्या ड्राय कॅबिनेटमध्ये आर्द्रता ४० ते ५० टक्के ठेवावी. ते परवडत नसेल तर घट्ट झाकणाचा डबा, सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक एवढ्यावरही भागते. कॅमेरा कपाटात चामड्याच्या केसमध्ये ठेवणे सर्वांत वाईट. एसी हॉलमधून वरातीसाठी एकदम बाहेर आल्यास काचेवर दव धरते, म्हणून बॅग बंद ठेवून वीसेक मिनिटे जाऊ द्यावी. विसर्जनात पावसाइतकाच गुलाल त्रास देतो. आतबाहेर सरकणारी झूम लेन्स प्रत्येक फेरीत हवा आत ओढते आणि हवेबरोबर गुलालही. त्या दिवशी प्राइम (झूम नसलेली लेन्स) किंवा अंतर्गत झूम बरी.

लेन्सचे व्हिडीओगुण : फोटोच्या परीक्षणात सहसा न येणारे काही गुण येथे मोजावे लागतात. फोकस बदलताना चौकट लहान-मोठी होणे म्हणजे ब्रीदिंग. ते कमीत कमी असावे. बहुतेक मिररलेस लेन्समध्ये फोकसची कडी विजेच्या संदेशाने चालते, त्यामुळे तीच खूण पुन्हा गाठता येत नाही. काही बॉडींत ही चाल सरळ प्रमाणात ठरवता येते. यांत्रिक फोकस व ॲपर्चर कडी असलेल्या निकॉनच्या जुन्या निकॉर एआय (ऑटोमॅटिक इंडेक्सिंग) लेन्स (१९७७ पासून) म्हणूनच मागणीत आहेत. मात्र त्यांची कडी इतर बहुतेक लेन्सच्या उलट दिशेला फिरते. टी-स्टॉप हा प्रत्यक्ष पोहोचलेला उजेड मोजतो, एफ-क्रमांक केवळ भूमितीने निघतो. लग्नाला २४–७० मिमी एफ/२.८ झूम आणि एखादी उजेडाची प्राइम पुरते. अंतरपाट दूर होताना उडणाऱ्या अक्षतांमागे ऑटोफोकस धावू नये म्हणून त्याची संवेदनशीलता आधीच कमी करावी.

खरेदी व भाडे : नवे-जुने दोन्ही सामान बोरा बाजारात, भाड्याचे मुख्यत्वे अंधेरी-वर्सोवा-गोरेगाव पट्ट्यात. विचाराधीन जोडी आधी दोन दिवस भाड्याने आणून स्वतःच्या कामावर चालवून पाहावी. दुकानाच्या काउंटरवर रोलिंग शटरही कळत नाही आणि उष्णताही. जुनी लेन्स घेताना ॲपर्चर पूर्ण उघडून मागच्या बाजूने मोबाइलचा टॉर्च धरावा आणि पुढून तिरके पाहावे. धूळ ठिपक्याठिपक्यांची दिसते. फंगस कोळ्याच्या जाळ्यासारखी, बहुधा काचेच्या कडेपासून आत शिरलेली असते. मग टॉर्च बाजूला ठेवून फोकसची कडी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अगदी सावकाश फिरवावी. मध्येच कुठे अडली किंवा सैल पडली, तर चित्रण करतानाही ती तिथेच अडेल.