गोटा टायर आणि एका गुणाचं विजेतेपद

धुळे-जळगाव रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याकडे हमखास ऐकू येणारा युक्तिवाद: ‘फॉर्म्युला वनच्या गाड्या गोट्या टायरवर तीनशेनं पळतात, मग आम्हीच टायर का बदलायचे?’ कोरड्या रस्त्यापुरतं यात तथ्य आहे. नक्षी नसली की जास्त रबर रस्त्याला टेकतं. डांबरावर नक्षीचं खरं काम पाणी बाहेर काढण्याचं.

मग पकड येते कुठून? सपाट दिसणाऱ्या डांबरातून खडीची बारीक टोकं वर आलेली असतात. रबर त्यांच्यावर दबतं, पुढे सरकलं की पुन्हा फुगतं. पण दबताना घेतलेली सगळी ऊर्जा ते परत करत नाही. काही भाग लांबलचक रेणूंच्या आपसातल्या घासाघाशीत उष्णता होऊन जातो. याला हिस्टेरेसिस म्हणतात, आणि पकडीचा मोठा वाटा याच तोट्यातून येतो. हा तोटा तापमानावर अवलंबून असतो, आणि रबर किती झटपट दबतं-सुटतं यावरही: फार वेगानं दाबलेलं रबर थंड रबरासारखं ताठ वागतं. शर्यतीचा कोरडा टायर साधारण 100 अंश सेल्सिअसला रंगात येतो. पाऊस पडला की पाणी ती उष्णता ओढून नेतं आणि खडीमधल्या फटीही भरून टाकतं.

2 नोव्हेंबर 2008 ला ब्राझीलच्या इंटरलागोस ट्रॅकवर यावरच फॉर्म्युला वनचं त्या वर्षीचं विजेतेपद फिरलं. चुरस लुईस हॅमिल्टन आणि फेलिपे मासा या दोन चालकांत होती; विजेतेपदासाठी हॅमिल्टनला या शर्यतीत पाचवा क्रमांक पुरेसा होता. शेवटच्या फेऱ्यांत पाऊस आला. त्यानं आणि मासानं पावसाचे टायर चढवले, टिमो ग्लॉक हा तिसरा चालक मात्र कोरड्या टायरवरच राहिला आणि न थांबल्यानं हॅमिल्टनच्या पुढे गेला. वेटेल या आणखी एका चालकानं हॅमिल्टनला सहाव्या जागी ढकललं. मासा जिंकला, त्याच्या गोटात जल्लोषही सुरू झाला, आणि तिकडे अगदी शेवटी हॅमिल्टननं ग्लॉकला मागे टाकून पाचवी जागा गाठली. गुण 98 विरुद्ध 97. सहावाच राहिला असता तर दोघे 97 वर, आणि जास्त शर्यती जिंकल्याने मासा विजेता.

ग्लॉकनं मुद्दाम वाट दिली, अशी ओरड झाली. गार पडलेल्या टायरवर गाडी रस्त्यावर राहिली हेच पुष्कळ! शिवाय त्या वर्षीच्या नियमानुसार कोरड्या टायरलाही चार खाचा होत्या. म्हणजे पुरता गोटा नसूनही ही गत.

आपल्या ट्रकचा झिजलेला टायर म्हणजे शर्यतीचं मऊ रबर नव्हे, ते टिकण्यासाठी बनवलेलं असतं. जूनच्या पहिल्या सरीत बंपरवरची लिंबू-मिरची पाणी बाजूला सारत नाही. आणि मे महिन्यात टायर फुटू नये म्हणून हवा कमी ठेवणाऱ्यांसाठी: हवा कमी तर टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त दबतो, त्याच हिस्टेरेसिसनं आतून तापतो, आणि उलट लवकर फुटतो.