फिनमार्कच्या किनाऱ्यावर निघण्यापूर्वी

नॉर्वेच्या उत्तर टोकाच्या सहलीला नाव नोंदवलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, “तिथे उणे किती?” आमची कळकळीची विनंती आहे, आधी वाऱ्याचं विचारा.

फिनमार्क हा नॉर्वेच्या उत्तर टोकाचा प्रांत डेन्मार्कपेक्षा मोठा, पण वस्ती जेमतेम ७५ हजारांची, म्हणजे चौरस किलोमीटरला दीड माणूस. वाटेत औषधाचं दुकान मिळेल असं धरून चालू नका; गोळ्या हातातल्या बॅगेतच ठेवा.

नॉर्डकॅप हा इथला समुद्राकाठचा कडा ७१ अंश उत्तरेला आहे. अटलांटिकमधून वर येणारा कोमट प्रवाह या किनाऱ्याला लागून वाहतो, म्हणून भर जानेवारीतही इथला समुद्र गोठत नाही आणि पारा बहुधा उणे पाचच्या आसपास राहतो. समुद्रापासून आत असलेल्या काराशोकला मात्र १ जानेवारी १८८६ रोजी उणे ५१.४ अंशांची नोंद झाली होती!

जुलैत साधारण १० अंश, म्हणजे पुण्यातली डिसेंबरची पहाट. फरक असा, की पुण्यात पहाटे वारा पडलेला असतो. इथे उन्हाळा इतका थंड की बाहेरच्या किनाऱ्यावर झाडं वाढत नाहीत, आणि वाऱ्याला आडोसा म्हणून काही उरत नाही. छत्री घरीच ठेवा. वारा-पाऊस आत न शिरणारं जॅकेट, कानटोपी आणि आत लोकरीचे पातळ थर घ्या. जीन्स नको, भिजली की लवकर वाळत नाही.

मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत नॉर्डकॅपला सूर्य मावळत नाही. झोपेसाठी डोळ्यांवर बांधायची पट्टी लागेलच. पण समुद्रावरून धुकं आलं, तर ३०७ मीटर उंच कड्यावर उभं राहूनही काही दिसत नाही. म्हणूनच आम्ही तिथे दोन रात्री ठेवतो.

हिवाळ्यात कड्याकडच्या शेवटच्या टप्प्यावर बर्फ काढणाऱ्या गाडीच्या मागून, ठरलेल्या वेळी, रांगेनेच जावं लागतं. वादळात रस्ता बंद होतो. त्या दिवशी आम्ही निघणार नाही. कृपया आग्रह करू नका.

गावं नवी दिसतील. १९४४ मध्ये माघार घेताना जर्मन सैन्याने जवळजवळ सगळी जाळली. लोकांनी ती पुन्हा उभारली.

वसंतात आलात तर बंदरापाशी लाकडी मांडवांवर शेपटीला शेपटी बांधून टांगलेले कॉड मासे दिसतील. आपल्याकडे बोंबील वाळवतात तसेच, पण ऊन बेताचं. मीठही लावत नाहीत, थंडीत हा वाराच ते वाळवतो.