न विचारता ‘ॲड’: ग्रुपात ओढले जाण्याची पंधरा वर्षं

दिवाळीच्या आधी एका गृहप्रकल्पाच्या प्रदर्शनात मी वहीत नाव-नंबर लिहिला. लिहिला म्हणजे लिहावा लागला. त्याशिवाय माहितीपत्रक हातात देत नव्हते. तिसऱ्या दिवशी मी ‘प्री-लाँच २ बीएचके’ नावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपात होतो. सोबत आणखी दोनशेएक माणसं, एकमेकांना पूर्ण अनोळखी, आणि सगळ्यांचे नंबर सगळ्यांसमोर उघडे. अर्ध्या तासात इमारतीचे तीन फोटो आले, कोणीतरी सवयीने ‘सुप्रभात’ टाकलं, मग सुरू झालं: ‘हा कोणाचा ग्रुप?’, ‘मला कोणी ॲड केलं?’, ‘प्लीज रिमूव्ह मी’. त्यानंतर करड्या पट्ट्यांची रांग. अमुक नंबर लेफ्ट, तमुक नंबर लेफ्ट. माझ्या मुख्य नंबरावर मी सेटिंग बदलून, कोणीही न विचारता ग्रुपात घालण्याचं हे दार कधीच लावून घेतलं होतं. दुसऱ्या नंबरावर राहून गेलं होतं.

हे दार मुळात उघडं का होतं, याची गोष्ट व्हॉट्सॲपच्या आधीपासून सुरू होते.

ऑर्कुट या जुन्या सोशल साइटच्या काळात कम्युनिटीत, म्हणजे तिथल्या ग्रुपात, आपण स्वतः जायचो. ‘जॉइन’ दाबायचं, कुठे मालकाच्या होकाराची वाट बघायची. त्याआधीच्या ईमेल याद्यांमध्येही शिस्तीची यादी असेल तर ‘तुम्हीच नाव नोंदवलंत ना?’ असा मेल यायचा आणि त्याला उत्तर दिल्याशिवाय नाव चढत नसे. थोडक्यात, दार आपण ठोठावायचं.

ही दिशा उलटली ऑक्टोबर २०१० मध्ये. फेसबुकने ग्रुप नव्या रूपात आणले आणि त्यात मित्राला थेट घालायची सोय दिली. घातलेला माणूस आधी सदस्य व्हायचा, नको असेल तर नंतर बाहेर पडायचा. काही दिवसांतच खुद्द मार्क झुकरबर्गला कोणीतरी खोडसाळपणे एका भलत्याच नावाच्या ग्रुपात टाकलं. त्यावर हसून झालं, सोय मात्र राहिली. २०१२ मध्ये तिची खरी किंमत दिसली. टेक्सासमधल्या ऑस्टिन इथल्या विद्यापीठात समलिंगी विद्यार्थ्यांचं एक गायनवृंद होतं. त्याच्या प्रमुखाने दोन नव्या विद्यार्थ्यांना वृंदाच्या फेसबुक ग्रुपात घातलं. ग्रुप खुला होता, त्यामुळे ही बातमी त्यांच्या मित्रयादीतल्यांना दिसली, आणि त्या यादीत दोघांचे वडीलही होते. दोघांनीही आपली प्रोफाइल सेटिंग जपून लावलेली होती. पण दुसऱ्याच्या एका क्लिकपुढे त्यांचा काही उपयोग झाला नाही.

फेसबुकवर निदान घालणारा तुमच्या मित्रयादीत असावा लागे. व्हॉट्सॲपला तेवढंही नको होतं. २०११ मध्ये तिथे ग्रुप आले तेव्हा ओळख म्हणजे मोबाइल नंबर, आणि नंबर असला की घालता येतं, एवढाच नियम. वीस-पंचवीस जणांच्या मित्रमंडळात तो चालूनही गेला असता. पण ग्रुप फुगत गेले: २०१४ च्या अखेरीस १०० जण, २०१६ मध्ये २५६, २०२२ मध्ये आधी ५१२ आणि मग १०२४.

आपल्याकडे नंबर देणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. सोसायटीच्या गेटवरची वही, कपड्याच्या दुकानातलं बिल, गाडीचं सर्व्हिसिंग, लकी ड्रॉची चिठ्ठी. टेलिमार्केटिंगचे फोन आणि एसएमएस यांना आवर घालायला २००७ मध्ये ‘डू नॉट कॉल’ नोंदवही आली. १९०९ वर नोंदणी अजूनही करता येते. पण ती फोन कंपन्यांच्या कॉल-एसएमएसपुरती. इंटरनेटवरून चालणारा व्हॉट्सॲप तिच्या कक्षेत येत नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, आणि गल्लीतल्या नगरसेवकापासून क्लासवाल्यापर्यंत सगळ्यांना फुकटचा लाउडस्पीकर मिळाला.

२०१८ च्या मे महिन्यात कंपनीने एक छोटी दुरुस्ती केली: ग्रुप सोडलेल्याला पुन्हा पुन्हा आत ओढता येणार नाही. याचा अर्थ तोवर ओढता येत होतं! काहींनी तर हा खो-खो आठवडाभर खेळलेला आहे.

मग १ जुलै २०१८ आला. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने भिक्षुकी करणाऱ्या भटक्या समाजातल्या पाच जणांना ठेचून मारलं. तशा अफवा तेव्हा देशभर व्हॉट्सॲपवरून फिरत होत्या. सरकारने कंपनीला धारेवर धरलं, कंपनीने वृत्तपत्रांत पानभर जाहिराती दिल्या आणि भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे ढकलता येईल अशी मर्यादा घातली. चर्चा सगळी ‘फॉरवर्ड’वर झाली. ज्या ग्रुपात आपण गेलोच नव्हतो तिथे आपल्याला कोणी आणि का बसवलं, हा प्रश्न त्या गदारोळात मागेच राहिला.

त्याला उत्तर आलं ३ एप्रिल २०१९ ला, लोकसभेच्या पहिल्या टप्प्याच्या मतदानाला आठवडा उरला असताना. बूथनिहाय प्रचाराचे ग्रुप तोवर बांधून तयार होते. नव्या सेटिंगमध्ये तीन पर्याय होते: कोणीही, माझे कॉन्टॅक्ट, कोणीच नाही. ज्याला घालता येत नाही त्याला ॲडमिनने खासगी आमंत्रण पाठवायचं. तीन दिवसांत स्वीकारलं नाही तर ते बाद. नोव्हेंबरमध्ये ही सोय जगभर गेली तेव्हा ‘कोणीच नाही’ची जागा ‘माझे कॉन्टॅक्ट, यांना सोडून’ने घेतली. कोणालाच परवानगी द्यायची नसेल तर यादीतल्या सगळ्यांवर टिक करायची. म्हणजे सरळ ‘नाही’ म्हणायचं तर द्राविडी प्राणायाम. आणि आपण होऊन काही बदललं नाही, तर दार ‘कोणीही’वरच उघडं. माझ्या मते खरी गोम इथे आहे, कारण प्रायव्हसीच्या पानापर्यंत जाणारी माणसं थोडी.

मार्च २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात, सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी ॲडमिनला जबाबदार धरता येणार नाही, असा निकाल दिला. कारण ॲडमिनच्या हातात असतं काय? माणसं घालणं आणि काढणं. निकाल मला पटतो. पण आपल्या विषयाची सगळी रडकथा त्या पहिल्या अधिकारात आहे.

बाहेर पडणंही सोपं नव्हतं. ‘लेफ्ट’ची पट्टी सगळ्यांना दिसायची. आत्याने काढलेला ‘आपले कुलबंधू’ सोडला की संध्याकाळी आईला फोन: ‘त्याला आम्ही नकोसे झालो का गं?’ गुपचूप बाहेर पडायची, म्हणजे फक्त ॲडमिनला कळेल अशी सोय ऑगस्ट २०२२ मध्ये आली. आत्याच ॲडमिन असेल तर या सोयीचाही उपयोग नाही.

पुढे डोकेदुखीची जागा लुबाडणुकीने घेतली. ‘शेअर टिप्स व्हीआयपी’ नावाचा ग्रुप, एक ‘प्रोफेसर’, नफ्याचे स्क्रीनशॉट टाकणारे साठ-सत्तर साथीदार आणि मधोमध एखादा निवृत्त बँक कर्मचारी, ज्याला वाटतं की बाकी सगळेही आपल्यासारखेच. बनावट ट्रेडिंग ॲपच्या या प्रकाराबद्दल शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने फेब्रुवारी २०२४ मध्ये इशारा दिला. पैसे गेलेच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करायचा असतो. ऑगस्ट २०२५ मध्ये व्हॉट्सॲपने, त्या वर्षीच्या पहिल्या सहा महिन्यांत फसवणुकीच्या अड्ड्यांशी जोडलेली ६८ लाखांहून अधिक खाती बंद केल्याचं सांगितलं. त्याच वेळी एक नवा पडदाही आणला: अनोळखी माणसाने घातलं तर आधी ग्रुपची माहिती दिसते, आणि चॅट न उघडता तिथूनच बाहेर पडता येतं.

माझ्या दुसऱ्या नंबरावर मी सेटिंग्ज, मग प्रायव्हसी, मग ग्रुप्स असं जाऊन ‘माझे कॉन्टॅक्ट’ निवडलं. पुढच्या आठवड्यात त्याच प्रकल्पाच्या मुलाचं आमंत्रण आलं, ‘सर, फायनल फेज’. मी उघडलं नाही. चौथ्या दिवशी त्याचा फोन आला: ‘सर, लिंक एक्स्पायर झाली, परत पाठवू का?’