ओठ व तोंडातील सौम्य गाठी

ओठ, गालाची आतली बाजू, जीभ, हिरड्या, टाळू किंवा जिभेखालचा भाग येथे होणाऱ्या कर्करोगरहित वाढी. यांतल्या पुष्कळशा खऱ्या अर्थाने अर्बुदे (पेशींच्या अनियंत्रित वाढीने होणाऱ्या गाठी, ट्यूमर) नसतात. सततच्या घर्षणाने किंवा चावल्याने तिथले ऊतक वाढलेले असते. गालावरची तंतुगाठ (फायब्रोमा) अशीच होते. गाठ काढली आणि टोचणारा दात तसाच ठेवला, तर ती परत येऊ शकते. सैल कवळीच्या कडेला येणाऱ्या मांसल घडीचेही तेच.

मुले व तरुणांत खालच्या ओठाच्या आतून श्लेष्मपुटी (म्यूकोसील) येते. ओठ चावला जाऊन लहान लाळग्रंथीची नळी फाटते आणि लाळ बाहेर न पडता आतच साठते. पाण्याने भरलेल्या फुग्यासारखी ही मऊ, निळसर गाठ अधूनमधून आपोआप फुटते. बरे झाले असे वाटते तोच पुन्हा भरते. सुईने द्रव काढूनही बहुधा हेच होते. म्हणून जागा बधिर करून गाठ आणि तिच्या लगतच्या लाळग्रंथी एकत्र काढतात. जिभेखाली अशीच मोठी गाठ आली, तर तिला रानुला म्हणतात. ती पुन्हा होऊ नये यासाठी अधोजिव्हा (जिभेखालची) लाळग्रंथी काढणे हा अधिक खात्रीचा उपाय.

निदानात गाठीची जागा फार बोलकी असते. वरच्या ओठात श्लेष्मपुटी क्वचितच होते. तिथे घट्ट गाठ लागली, तर लाळग्रंथीच्या अर्बुदाचा विचार आधी करावा लागतो. टाळूच्या बाजूला आलेल्या गाठीबाबतही तसेच. टाळूच्या मधोमध हाडासारखा कठीण उंचवटा मात्र निरुपद्रवी असतो. वर्षानुवर्षे असलेला हा उंचवटा एके दिवशी जिभेला जाणवतो आणि माणूस घाबरून दवाखाना गाठतो! कवळी बसवताना अडथळा आला, तरच तो तासतात.

गरोदरपणी हिरडीवर येणारी लाल, चटकन रक्त येणारी गाठ बाळंतपणानंतर अनेकदा ओसरते. तोवर दातांवरचे किटण काढून हिरड्या स्वच्छ ठेवणे पुरेसे ठरते.

काढलेली गाठ कितीही साधी दिसली, तरी सूक्ष्मदर्शकाखालील तपासणीसाठी पाठवावी. दुखत नाही म्हणून निर्धास्त राहू नये, कारण तोंडाचा कर्करोगही सुरुवातीला दुखेलच असे नाही. महाराष्ट्रात तंबाखू आणि मिश्रीची सवय असलेल्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. दोन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा वा लाल चट्टा किंवा वाढत जाणारी गाठ असल्यास बायॉप्सीचा निर्णय लांबवू नये.

रक्तवाहिन्यांच्या गाठींना मात्र घाईने सुरी लावत नाहीत. काचपट्टीने दाबल्यावर रंग फिका पडला, तर त्या ओळखू येतात. वृद्धांच्या ओठावरचा जांभळा फोड त्रास देत नसेल, तर तसाच ठेवतात किंवा लेझरने घालवतात. तान्ह्या बाळांच्या ओठावर वाढत जाणाऱ्या रक्तवाहिनी-अर्बुदावर प्रोप्रॅनोलॉल हे मूळचे हृदयविकाराचे औषध वापरतात. त्याचा हा गुण 2008 मध्ये फ्रान्समधील डॉक्टरांनी प्रसिद्ध केला.