पाव मैलाचा भागाकार: ड्रॅग रेसिंगमधले वर्ग आणि नियम कसे बदलत गेले

ड्रॅग रेसिंग म्हणजे दोन गाड्यांनी उभ्या जागेवरून निघून पाव मैल, म्हणजे १,३२० फूट, सरळ पळायचं; आधी पोचेल तो जिंकला. १९६८ मध्ये फोर्डने मस्टँगमध्ये ४२८ घन इंचांचं, म्हणजे सात लिटरचं 'कोब्रा जेट' इंजिन बसवलं आणि कागदावर ताकद लिहिली ३३५ अश्वशक्ती. खरी ताकद बरीच जास्त आहे हे प्रतिस्पर्ध्यांपासून मेकॅनिकपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. गाडी विकणारा एरवी ताकद फुगवून सांगतो. इथे ती दडवली, कारण स्टॉक आणि सुपर स्टॉक या बाजारात मिळणाऱ्या गाड्यांच्या गटांत गाडी कुठल्या वर्गात बसणार हे वजन भागिले कंपनीने जाहीर केलेली अश्वशक्ती, या एका भागाकारावर ठरायचं. समजा गाडी ३,३५० पौंडांची आहे. ३३५ने भागलं की दर अश्वशक्तीमागे १० पौंड. ताकद ४०० धरली तर जेमतेम ८.४. कागदावर दुबळी ठरलेली गाडी मग खरोखरच्या दुबळ्या गाड्यांत जाऊन बसते. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या पोमोनाच्या विंटरनॅशनल्स या मोठ्या स्पर्धेत अल जोनिएकने कोब्रा जेट मस्टँगवर सुपर स्टॉकचं विजेतेपद नेलं. अशा आकड्यांवर 'एनएचआरए'चा (नॅशनल हॉट रॉड असोसिएशन, या शर्यतींचे नियम ठरवणारी अमेरिकी संघटना) उतारा म्हणजे 'फॅक्टरिंग': कंपनीचा आकडा बाजूला ठेवायचा आणि स्वतःचा लावायचा. एखादं इंजिन फारच पळायला लागलं की त्याची अश्वशक्ती कागदावर वाढवायची, म्हणजे गाडीत वजन घालावं लागतं. ही पद्धत अजून चालू आहे.

मुळात भागाकाराची गरज का पडली? १९५० साली कॅलिफोर्नियातल्या सांता आनाला विमानतळाच्या धावपट्टीवर 'पॅपी' हार्ट यांनी तिकीट लावून शर्यती सुरू केल्या. पुढच्याच वर्षी वॉली पार्क्स यांनी एनएचआरए स्थापन केली. (लोणावळ्याजवळच्या ॲम्बी व्हॅलीत भरलेली आपली 'व्हॅली रन'ही धावपट्टीवरचीच. सरळ, सपाट आणि पुढे थांबायला जागा, एवढं तर हवंच.) पण येणाऱ्या गाड्या नाना तऱ्हेच्या: कुणाची रोजची सेडान, कुणाची छप्पर कापलेली जुनी फोर्ड, कुणाचा नुसता सांगाडा आणि त्यावर इंजिन. सुधारलेल्या गाड्यांसाठी माप ठरलं ते वजन भागिले इंजिनाचे घन इंच. भागाकार जितका लहान तितका वर्ग वरचा: आधी ए, मग बी, मग सी. ३,२०० पौंडांच्या गाडीत ३२७ घन इंचांचं इंजिन असेल तर उत्तर ९.८. माप निवडलं ते व्यवहार बघून. वजन काट्यावर दिसतं आणि घन इंच बोअर-स्ट्रोक (सिलिंडरचा व्यास आणि पिस्टनची धाव) मोजून काढता येतात. ताकद मोजायला डायनो लागतो, तो मैदानावर कुठून आणणार?

माप एकदा ठरलं की लोक त्याच्या काठाकाठाने चालतात. काचेऐवजी प्लास्टिक, पत्र्याऐवजी फायबरग्लास, बॅटरी पुढून काढून डिकीत. बॅटरी हलवल्याने एकूण वजन तेवढंच राहतं, पण भार मागच्या चाकांवर जातो आणि टायर कमी घसरतो. म्हणून पुढे काय हलवायचं आणि काय नाही, याच्याही ओळी नियमपुस्तकात आल्या.

इंधनाचं प्रकरण वेगळं. नायट्रोमीथेन या शर्यतीच्या इंधनाच्या रेणूतच ऑक्सिजन असतो. पेट्रोलच्या एका भागाला हवेचे १४.७ भाग लागतात, नायट्रोला १.७ पुरतात. तेवढ्याच हवेत आठपट इंधन जाळता येतं. फेब्रुवारी १९५७ मध्ये एमरी कुकने कॅलिफोर्नियातल्या लायन्स ड्रॅगस्ट्रिपवर ताशी १६६.९७ मैल गाठले आणि त्याच वर्षी एनएचआरएने नायट्रोवर बंदी घातली. कारणं वेगाची आणि सुरक्षिततेची सांगितली गेली. परिणाम मजेशीर झाला: इंधन बंद, मग इंजिनं वाढवा. दोन इंजिनांच्या गाड्या आल्या आणि टॉमी आयव्होने तर चार ब्युइक इंजिनं एका सांगाड्यावर बसवली. तिला स्पर्धेत घेतलं नाही, ती नुसती प्रदर्शनात पळाली. डॉन गार्लिट्ससारखे ड्रायव्हर एनएचआरएबाहेरच्या मैदानांवर नायट्रो जाळत राहिले. १९६३ला विंटरनॅशनल्समध्ये दार किलकिलं झालं, १९६४ मध्ये सताड उघडलं. बंदीने वेग थांबला नाही, एवढं त्यातून दिसलं. पुढे बंदीऐवजी टक्केवारीची भाषा आली. आज कमाल नायट्रो ९० टक्के. मध्ये काही वर्षं ८५ही होतं.

नायट्रोचा धोका नुसता वेगाचा नाही. एखाद्या सिलिंडरची ठिणगी विझली की त्यात न जळलेलं इंधन साठतं. द्रव दाबला जात नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो, नाहीतर सिलिंडर हेड उचललं जातं आणि वरचा ब्लोअर (इंजिनात हवा कोंबणारा पंप) उडतो. ब्लोअरभोवती जाड पट्टे आणि आवरण बांधण्याची सक्ती त्यातूनच आली.

१९६३ मध्ये झेंडा दाखवणारा माणूस गेला आणि 'ख्रिसमस ट्री' म्हणजे दिव्यांचा खांब आला. माणसाचा खांदा हलताना बघून निघणारे ड्रायव्हर होते; दिव्याला खांदा नसतो. मुख्य म्हणजे दोन्ही लेनना वेगवेगळ्या वेळी हिरवा देता येऊ लागला. पुढचं बरंच काही या एका सोयीवर उभं आहे.

प्रो स्टॉक या व्यावसायिक ड्रायव्हरांच्या वर्गात वजन आणि घन इंचांचा तो भागाकार सगळ्यात जास्त नाचला. १९७० साली वर्ग सुरू झाला तेव्हा नियम साधा: दर घन इंचामागे ७ पौंड. ४२७ घन इंचांना २,९८९ पौंड, बोलणं संपलं. पण क्रायस्लरची हेमी (अर्धगोल ज्वलनकक्षाची) इंजिनं बाकीच्यांना पुरून उरली. १९७२ला छोट्या गाडीतल्या लहान वेज (पाचरीच्या आकाराच्या ज्वलनकक्षाच्या) इंजिनांना ६.७५ची सवलत मिळाली आणि बिल जेन्किन्सने ३३१ घन इंचांची शेव्हरले व्हेगा उभी केली. गणित करा: ३३१ गुणिले ६.७५ म्हणजे सुमारे २,२३४ पौंड. एवढं हलकं व्हायला कंपनीचा सांगाडा पुरत नाही, म्हणून खाली नळ्यांचा सांगाडा आला. ती गाडी पहिल्याच विंटरनॅशनल्सला जिंकली. मग दर मोसमात कुणाला पाव पौंड जास्त, कुणाला कमी, आणि प्रत्येक निर्णयानंतर एका कंपनीचे लोक चिडलेले. १९८२ मध्ये एनएचआरएने हा सगळा पसारा आवरला: सगळ्यांना कमाल ५०० घन इंच, किमान २,३५० पौंड. भांडण थांबलं, पण छोट्या इंजिनाची हुशारीही संपली. मला तो सौदा पूर्ण फायद्याचा वाटत नाही. तिकडे 'आयएचआरए' या दुसऱ्या संघटनेने घन इंचांची मर्यादाच ठेवली नाही, तिथल्या राक्षसी इंजिनांना 'माउंटन मोटर' नाव पडलं. एनएचआरएच्या प्रो स्टॉकमध्ये कार्ब्युरेटर थेट २०१६पर्यंत टिकले. त्या वर्षी फ्युएल इंजेक्शन सक्तीचं झालं, बॉनेटवरचा हवेचा डबा गेला आणि इंजिनाला १०,५०० आरपीएमची वेसण बसली.

ज्यांच्याकडे एवढा पैसा नाही त्यांच्यासाठी सत्तरच्या दशकात ब्रॅकेट रेसिंग फोफावलं. तिथे वजन नाही, घन इंच नाही. गाडीला किती वेळ लागेल ते ड्रायव्हरने स्वतः काचेवर लिहायचं: हा 'डायल-इन'. एकाने १२.४० लिहिलं, दुसऱ्याने १०.९०, तर पहिल्याला हिरवा १.५० सेकंद आधी मिळणार. दोघांनी लिहिलं तसंच पळवलं तर शेवटच्या रेषेवर बरोबरी, आणि निकाल दिव्यावरच्या चपळाईवर. लिहिल्यापेक्षा कमी वेळात पोचलात की 'ब्रेकआउट', म्हणजे गाडी 'फुटली', हरलात. दोघेही फुटले तर कमी फुटलेला जिंकतो. म्हणजे १२.४० लिहून १२.३८ पळवणारा हरतो आणि १२.४१ पळवणारा टिकतो.

इथे चुकतं कुठे, तर हवेत. दुपारी लिहिलेला आकडा संध्याकाळी तसाच ठेवला की थंड, दाट हवेत इंजिन जोर करतं आणि गाडी सेकंदाच्या दोन-तीन शतांशांनी फुटते. म्हणून ट्रेलरवर हवामानयंत्र दिसतं. पळवाटाही आल्या. मुद्दाम जास्त वेळ लिहायचा आणि शेवटी ब्रेक मारायचा. 'डिले बॉक्स' लावायचा: ड्रायव्हर हिरव्याआधीचा पहिला पिवळा दिवा पेटताच बटण सोडतो, पेटी ठरलेला वेळ थांबून गाडी सोडते. म्हणून बऱ्याच मैदानांवर 'बॉक्स' आणि 'नो बॉक्स' असे वेगळे वर्ग असतात. सुपर कॉम्प, सुपर गॅस आणि सुपर स्ट्रीटमध्ये तर वेळच ठरलेली: ८.९०, ९.९० आणि १०.९०. ती पाळायला गाडी वाटेत थ्रॉटल स्टॉपने (थ्रॉटल थोडा वेळ मिटवणाऱ्या यंत्राने) आवळतात. ताशी दीडशे मैलांची गाडी मुद्दाम सुस्तावते, बाहेरच्याला हे बघून हसू येतं.

सुरक्षिततेचे नियम बहुतेक अपघाताच्या पाठोपाठ आले. सगळ्यात मोठा बदल मात्र नियमाविना झाला. मार्च १९७०ला लायन्सवर गार्लिट्सच्या ड्रॅगस्टरचा (लांब, उघड्या सांगाड्याच्या गाडीचा) गिअरबॉक्स फुटला, गाडीचे दोन तुकडे झाले आणि त्याच्या उजव्या पायाचा पुढचा भाग गेला. त्याने इंजिन पाठीमागे टाकलेली गाडी बांधली. अशा गाड्या आधी वळवळत म्हणून बदनाम होत्या. स्टिअरिंग सुस्त केलं आणि ती सरळ धावू लागली. १९७१ची विंटरनॅशनल्स तिने जिंकली, आणि काही वर्षांतच इंजिनामागे बसणारा ड्रायव्हर टॉप फ्युएल या नायट्रोवरच्या ड्रॅगस्टरच्या वर्गातून दिसेनासा झाला.

जून २००८ला एंगलिशटाउनमध्ये स्कॉट कॅलिटाच्या फनी कारचं (नायट्रोवरची, वर नेहमीच्या गाडीसारखं कवच असलेली) इंजिन शेवटच्या रेषेजवळ फुटलं. पॅराशूट निकामी, गाडी वाळूचा खड्डा ओलांडून पुढे गेली आणि त्यात त्याचा मृत्यू झाला. जुलैपासून टॉप फ्युएल आणि फनी कारसाठी अंतर १,००० फुटांवर आणलं. ३२० फूट कमी पळायचे म्हणजे तेवढीच जागा थांबायला जास्त. तात्पुरता म्हणून आलेला बदल कायम राहिला. बाकीचे वर्ग अजून पाव मैल पळतात. त्यामुळे केनी बर्नस्टाइनचे १९९२चे ताशी ३०१.७० मैल पाव मैलावरचे आहेत आणि रॉबर्ट हाइटचे २०१७चे ३३९.८७ मैल १,००० फुटांवरचे.