कंपनीतल्याच दुसऱ्या जागेसाठी अर्ज: पात्रता, कागदपत्रं आणि साहेबांशी बोलणं

रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोटे-परशुरामच्या एखाद्या केमिकल कारखान्यात क्यूसीतली (मालाची गुणवत्ता तपासणारं खातं) किंवा पॅनलवरची (कंट्रोल रूममधली) जागा रिकामी झाली, की नोटीस बोर्डावर कागद लागायच्या आत बातमी कॅन्टीनमध्ये फिरते. तुम्हाला ती जागा हवी आहे, हेही तिथूनच साहेबांना कळतं. तसं होऊ देऊ नका.

पहिल्यांदा नोटीस नीट वाचा. खासगी कारखान्यांत बहुधा सध्याच्या जागेवर एक ते दोन वर्षं झालेली लागतात, कन्फर्मेशनचं, म्हणजे नोकरीत कायम झाल्याचं, पत्र लागतं आणि अलीकडे मेमो (लेखी ताकीद) मिळालेला नसावा लागतो. पगाराच्या स्लिपवर ठेकेदाराचं नाव असेल तर तुम्ही कंपनीचे कामगार धरले जात नाही. अशांना इंटर्नल ओपनिंग खुली आहे का, हे टाइम ऑफिसात आधी विचारा. बॉयलरवर जायचं असेल तर बाष्पके संचालनालयाचं बॉयलर अटेंडंटचं प्रमाणपत्र हवंच, तिथे कोणाची शिफारस कामाला येत नाही.

आता साहेब. मी माझ्या पहिल्या वेळी कोणालाच न सांगता थेट एचआरकडे अर्ज टाकला. साहेबांना कळलं ते एचआरच्या मेलवरून. त्यांनी सही केली, पण शेऱ्यात लिहिलं, ‘सध्या सोडता येणार नाही.’ वर्ष गेलं. तेव्हा राग आला होता. पुढे स्वतः शिफ्ट सांभाळायला लागल्यावर कळलं की माणूस जाण्याचं दुःख फार नसतं, उद्या सी शिफ्टला, म्हणजे रात्रपाळीला, उभं कोणाला करायचं ही काळजी असते. म्हणून त्या काळजीचं उत्तर घेऊनच केबिनमध्ये जा:

‘साहेब, क्यूसीच्या जागेसाठी अर्ज करायचं मनात आहे. बाहेरून कळण्याआधी तुमच्या कानावर घालावं म्हणून आलो. निवड झालीच तर माझं काम दुसऱ्याला शिकवूनच जाईन. त्या कामासाठी माझ्यात काय कमी पडतंय, तेही सांगा.’

शेवटचा प्रश्न गाळू नका. सल्ला दिलेल्या माणसाला नंतर विरोधात शेरा लिहिणं जड जातं. ‘इथे कंटाळा आलाय’ हे मात्र खरं असलं तरी बोलू नका. आणि वेळ बघून जा. शिफ्ट बदलताना नको, शटडाऊनमध्ये (दुरुस्तीसाठी प्लांट बंद असताना) नको, आणि गणपतीच्या आधीच्या पंधरवड्यात तर नकोच. अर्धी शिफ्ट रजेचे अर्ज घेऊन दारात उभी असते, त्यात तुमचाही कागद रजेचाच वाटेल!

बोलणं झालं की त्याच दिवशी दोन ओळींचा मेल टाका: ‘आज आपल्याशी बोलल्याप्रमाणे अमुक पदासाठी अर्ज करत आहे.’ ‘मला कोणी सांगितलंच नाही’ हा प्रश्न मग उरत नाही.

अर्जासोबत नवा बायोडेटा, कन्फर्मेशनचं आणि शेवटच्या अप्रेझलचं पत्र, शिक्षणाची व ट्रेनिंगची प्रमाणपत्रं जोडा. बायोडेटात ‘मेहनती, प्रामाणिक’ लिहिण्यापेक्षा कुठला रिअ‍ॅक्टर चालवला, कुठली टेस्ट स्वतः लावता ते लिहा. फॉर्मवर साहेबांच्या सहीचा रकाना असेल तर शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी त्यांना गाठू नका. ते नेमके त्या दिवशी मुंबईला असतात.

जिल्हा परिषद किंवा इतर सरकारी कार्यालयांत गोष्ट वेगळी. तिथे दुसऱ्या विभागातल्या पदाचा अर्ज ‘योग्य मार्गाने’, म्हणजे कार्यालय प्रमुखामार्फत जातो आणि ना हरकत प्रमाणपत्र व गोपनीय अहवाल बघितले जातात. एक प्रत आवक शिक्क्यासह स्वतःजवळ ठेवा.

निवड झाली की जुन्या खात्यातून सोडण्याची तारीख लेखी मागा. ‘शटडाऊन झाल्यावर बघू’ याला तारीख म्हणत नाहीत. जागा ग्रुपमधल्या दुसऱ्या कंपनीत असेल तर पत्रात ‘सेवा सलग धरली जाईल’ असं लिहून घ्या, नाहीतर ग्रॅच्युइटीची पाच वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजली जाण्याची भीती. पीएफचा यूएएन (नोकरी बदलली तरी न बदलणारा क्रमांक) तोच राहतो, पण जुनी शिल्लक नव्या खात्यात वळती झाली का, ते पासबुकात बघा.

निवड नाही झाली, तर पुन्हा अर्ज कधी करता येईल तेवढं एचआरला विचारून घ्या. काही ठिकाणी मध्ये सहा महिने थांबावं लागतं.