नेट गेलं की मोबाईलचं जीपीएस बंद पडतं का?

एक फॉरवर्ड कित्येक वर्षं फिरतोय, की गाडीतलं बिल्ट-इन नेव्हिगेशन थेट सॅटेलाइटवर चालतं आणि मोबाईलचं किंवा काचेला चिकटवायचं पोर्टेबल इंटरनेटवर, म्हणून रेंज गेली की रस्ता हरवलाच.

असं वाटणं साहजिक आहे, कारण रेंज गेल्यावर स्क्रीनवरचा नकाशा खरंच कोरा होतो. पण कोरा होतो तो नकाशा, जीपीएस नाही. सॅटेलाइट साधारण 20,200 किमी उंचीवरून सतत सिग्नल पाठवत असतात, तिन्ही प्रकारची यंत्रं तो फक्त ऐकतात, किमान 4 सॅटेलाइट मिळाले की जागा कळते, याला सिमही लागत नाही. नेट लागतं ते नकाशा उतरवायला आणि ट्रॅफिक बघायला, शिवाय पहिल्यांदा लोकेशन पटकन पकडायला मदत होते एवढंच.

खात्री करायचीय? आधी नकाशा डाऊनलोड करा, मग एअरप्लेन मोड लावा, लोकेशन चालू ठेवा आणि मोकळ्या आकाशाखाली जरा चाला. थोडा वेळ लागेल पण ठिपका तुमच्याबरोबर सरकतो.

बिल्ट-इनचा खरा फायदा वेगळाच आहे आणि त्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही, बऱ्याच गाड्यांत ते चाकांच्या वेगावरून आणि वळणावरून अंदाज काढत राहतं त्यामुळे बोगद्यात सिग्नल गेला तरी ठिपका पुढे जात राहतो. फक्त नकाशे कधी अपडेट झालेत ते विकत घेण्याआधी विचाराच.